पावती पुस्तकापासून डेटाबेसपर्यंत: संस्थेची माहिती नव्याने लावताना

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कार्यालयातल्या ताई टेबलावर पावती पुस्तकं पसरून बसल्या आहेत, हिशेब बघणारे काका टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली नोंद वाचून दाखवताहेत आणि विश्वस्तांपैकी कुणीतरी देणगीदारांना फोन करून पॅन नंबर विचारतंय. वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेच्या आत आयकर विभागाकडे भरायचं असतं. ते भरल्यावरच देणगीदाराला १०बीई हे प्रमाणपत्र मिळतं आणि देणगीवर मिळणारी त्याची करसवलत, म्हणजे ८०जीची वजावट, जुळते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. ही पद्धत २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून आली आणि छोट्या संस्थांच्या नोंदी किती विस्कळीत आहेत, हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं.

अशाच एका आठवड्यात मला पहिल्यांदा बोलावणं आलं. संस्था जव्हार-मोखाडा भागात मुलांच्या शिक्षणाचं आणि पोषणाचं काम करणारी, कार्यालय ठाण्यात. मी नोकरीत डेटाबेसचंच काम करत असल्याने दोन शनिवारांत सगळं लावून देईन असं वाटलं होतं. लागले नऊ महिने. त्यानंतर आणखी काही संस्थांबरोबर हे काम केलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मदत करायला निघालेल्या संगणक क्षेत्रातल्या मंडळींसाठी, आणि त्यांना घरात घेणाऱ्या संस्थांसाठीही.

आधी वेळ ठरवा, मग माणसं

कामाची सुरुवात जूनमध्ये करावी. १०बीडी भरून झालेला असतो, त्यामुळे गेल्या वर्षाची एक तपासलेली यादी आयतीच हातात असते. नवीन व्यवस्था दिवाळीच्या आधी चालू व्हायला हवी, कारण दिवाळी आणि मार्च हे देणग्यांचे दोन मोठे हंगाम. मार्च ते मे या काळात काहीही बदलू नये. उपक्रमांच्या बाजूचंही असंच एक वेळापत्रक असतं. जव्हारकडे भातलावणीच्या दिवसांत कार्यकर्त्यांना गावातली माणसं घरी भेटत नाहीत आणि दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्या दिवसांत कार्यकर्त्यांना प्रशिक्षणाला बसवलं तर काम आणि प्रशिक्षण दोन्ही फसतं.

चार जणांचा गट पुरतो. त्यांतल्या एकाला डेटाबेसची रचना कळायला हवी. एकाकडे चिकाटीने यादी साफ करायची तयारी हवी. एकाला मराठीत स्वच्छ लिहिता यायला हवं, कारण सूचनापुस्तिका त्यालाच लिहायची आहे. चौथी व्यक्ती हिशेब जाणणारी असावी, शक्यतो सीए. ही चौथी व्यक्ती बहुतेक गटांत नसते आणि तिच्यावाचून काम अडतं.

संस्थेकडूनही एक माणूस लागतो. तो विश्वस्त नको, संचालकही नको. जी व्यक्ती रोज पावती फाडते आणि नोंदवही भरते, तीच या कामाची मालकीण. आमच्याकडे त्या ताई होत्या. पहिल्या बैठकीत त्या कोपऱ्यात बसल्या आणि चहापाण्याचं बघत राहिल्या. दुसऱ्या बैठकीत एक रकाना मी नको म्हणत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तो काढू नका. त्यावरूनच मी पुण्यतिथीची पत्रं पाठवते." पुढची सगळी रचना त्यांना विचारून झाली. प्रत्येक निर्णयाला आम्ही एकच कसोटी लावायचो: आम्हाला फोन न करता ताईंना हे बदलता येईल का?

सुरुवातीलाच दोन पानांचं पत्र लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. आठवड्याला किती तास, कोणत्या तारखेपर्यंत, कुणी मध्येच सोडलं तर त्याचं काम कुणाकडे, माहिती कुणाच्या संगणकावर जाणार आणि शेवटी ती कशी पुसली जाणार, हे सगळं त्यात यावं. ओळखीतलं काम असलं की लिहून घ्यायला संकोच वाटतो. पण नोकरी बदलणं, परदेशी जाणं, घरात बाळ येणं हे स्वयंसेवकाच्या आयुष्यात होणारच. निघण्याचा दिवस पहिल्याच दिवशी ठरलेला असला की कुणाचं मन दुखत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव अजून काढू नका

पहिले तीन आठवडे फक्त बघायचं. कार्यालयात बसून एक देणगी दारातून आत येते तिथपासून तिचा पाठलाग करा. रोख, चेक, यूपीआय, बँकेत परस्पर जमा, वस्तुरूपात, कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून अशा प्रत्येक प्रकाराची वाट वेगळी असते. यूपीआयने आलेल्या पैशांचा अनेकदा पूर्ण नाव-पत्ता नसतो, बँकेच्या उताऱ्यात कित्येकदा फक्त एक आयडी दिसतो. अशा नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या तर आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीसीनुसार त्यावर ३० टक्के कर लागतो. म्हणजे गुप्तदानाची भावना कितीही थोर असली तरी दाता कोण हे शोधण्याचं काम व्यवस्थेतच बसवावं लागतं. रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर त्या देणगीवर दात्याला ८०जीची वजावट मिळत नाही, हे पावती करतानाच पडद्यावर दिसायला हवं. नंतर सांगितलं तर दाता नाराज होतो, आणि त्याचं चुकत नाही.

याच काळात संस्थेत माहिती कुठे कुठे पडली आहे त्याची यादी करा. आम्हाला अकरा ठिकाणं सापडली. पावती पुस्तकं, टॅली, तीन एक्सेल फायली, संचालकांच्या फोनमधली संपर्कयादी, दिवाळी शुभेच्छापत्रांच्या पत्त्यांची जुनी वही, जव्हारच्या केंद्रातली हजेरीपत्रकं, वजन-उंचीची रजिस्टरं आणि अशीच आणखी काही. प्रत्येकासमोर लिहा: कोण भरतं, कोण वाचतं, आणि बंद केलं तर कुणाचं काम अडेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कुणाचंच नाही" असं आलं, तर तो कागद नव्या व्यवस्थेत आणायची गरज नाही. पण हिशेबाचे कागद फेकूनही देऊ नका. आयकर नियम १७एएप्रमाणे न्यासांना हिशेबाची पुस्तकं आणि नोंदी १० वर्षं जपाव्या लागतात.

दाता म्हणजे नक्की कोण?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण रचनेचा गाभा तोच आहे.

एक पावती घ्या. "कै. आईंच्या स्मरणार्थ, मुलगा व सून." चेक सुनेच्या खात्याचा. पावती मुलाच्या नावाने हवी. शुभेच्छापत्र दोघांना. दर वर्षी पुण्यतिथीला तेवढीच रक्कम येते. जुन्या एक्सेलमध्ये हे सगळं "नाव" या एकाच रकान्यात कोंबलेलं होतं. पैसे कुणाच्या खात्यातून आले, पावती कुणाच्या नावे, कुणाच्या स्मरणार्थ आणि पत्रव्यवहार कुणाशी, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना चार वेगळे रकाने हवेत. स्मरणदिनाची तारीख पाचवी. पावती चेक देणाऱ्यापेक्षा वेगळ्या नावाने करायची असेल तर सीएंना विचारूनच नियम ठरवा, कारण १०बीडीत जाणारा पॅन खऱ्या दात्याचाच असला पाहिजे.

देणगीच्या नोंदीत १०बीडीला लागतं ते सगळं पहिल्या दिवसापासून असावं: दात्याचा ओळख क्रमांक, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, पैसे कसे आले आणि रक्कम. प्रकार म्हणजे कायम निधी, विशिष्ट कामासाठीचं अनुदान, सर्वसाधारण वगैरे. कायम निधीसाठी दात्याचं तसं लेखी सांगणं लागतं, म्हणून त्या पत्राचा स्कॅन नोंदीलाच जोडायची सोय ठेवा. नवीन आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे रकान्यांना "१०बीडी प्रकार" अशी नावं देऊ नका. "देणगीचा प्रकार" म्हणा. नमुना बदलला तर फक्त शेवटची फाईल काढण्याची पद्धत बदलेल.

पॅनची एक साधी तपासणी फार उपयोगी पडते. पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, एच हिंदू अविभक्त कुटुंब, टी न्यास, एफ भागीदारी संस्था. कंपनीच्या नावापुढे चौथं अक्षर पी असलेला पॅन दिसला तर तो बहुधा संचालकाने स्वतःचा दिलेला असतो. एवढ्या एका नियमाने आमच्या जुन्या यादीतल्या डझनावारी चुका सापडल्या.

परदेशातल्या दात्यांसाठी एक रकाना विसरता कामा नये: पासपोर्ट कोणत्या देशाचा. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मराठी माणसं गावाकडच्या संस्थांना आवर्जून पैसे पाठवतात. पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आले असतील, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ती व्यक्ती जन्माने पुण्याची असली तरी तिचे पैसे परकीय ठरतात. मग परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या नियत खात्यातच यावी लागते. नोंदणी नसलेल्या संस्थेने असे पैसे चुकून जरी घेतले तरी गंभीर प्रश्न उभा राहतो. आडनाव मराठी आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा राहून जातो. फॉर्मवर तो छापलेला असला की विचारणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

उपक्रमांची बाजू

उपक्रमाच्या बाजूला रकाने वाढत जाण्याचा धोका जास्त. प्रत्येक अनुदान देणारा स्वतःचा तक्ता पाठवतो आणि त्यात मागितलेलं सगळं गोळा होऊ लागतं. आम्हाला एका मुलीबद्दल ६४ रकाने सापडले, त्यातले बरेच एकाच जुन्या प्रकल्पासाठी होते. कार्यकर्त्याला विचारा, "हे वाचून तुम्ही पुढच्या भेटीत काय वेगळं कराल?" उत्तर नसेल तर तो रकाना काढा.

रचना मात्र नीट हवी. कुटुंब, व्यक्ती, उपक्रमातला सहभाग आणि प्रत्येक भेटीची नोंद हे चार वेगळे तक्ते. मुलाचं वजन हे मुलाच्या नोंदीत लिहायचं नाही, भेटीच्या नोंदीत लिहायचं, तारखेसह. नाहीतर नवीन वजन जुन्यावर लिहिलं जातं आणि मूल सुधारतंय की खंगतंय हे कधीच कळत नाही. प्रत्येक व्यक्तीला संस्थेचा स्वतःचा क्रमांक द्या. तो गावावर, शाळेवर किंवा रेशनकार्डावर बेतलेला नको, कारण कुटुंब स्थलांतर करतं, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, शाळा बदलते. स्थलांतरित कुटुंबाची नोंद "बंद" करू नये. "सध्या बाहेरगावी, परतीचा अंदाज" अशी अवस्था ठेवावी. आधी आमच्या केंद्रात दर नोव्हेंबरला नावं गळायची आणि जूनमध्ये तीच मुलं नव्या क्रमांकाने परत यायची. कागदावर मुलं दुप्पट आणि प्रत्येकाचा इतिहास अर्धा.

आधारची झेरॉक्स आणि आधार क्रमांक दोन्ही डेटाबेसमध्ये नकोत. एखाद्या सरकारी योजनेसाठी लागलाच तर त्या अर्जापुरता वापरा आणि सोडून द्या. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर त्यात पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये मिळण्याची सोयही ठेवायची आहे. मराठी त्यात आहेच. म्हणून संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवता येईल इतकं छोटं करा. आम्ही ते सहा वाक्यांत बसवलं.

देणगीदार आणि मुलं एकाच डेटाबेसमध्ये असली तरी एकाची माहिती दुसऱ्याच्या कामाच्या माणसाला दिसता कामा नये. निधी गोळा करणाऱ्या व्यक्तीला मुलीच्या घरची परिस्थिती कळायचं कारण नाही. एक प्रसंग मात्र असा येतो की रचना करणाराही थबकतो. दहा वर्षांपूर्वी संस्थेत शिकलेला मुलगा आज नोकरीला लागून ५०० रुपये पाठवतो. त्याच्या दोन नोंदी जोडायच्या का? आम्ही त्यालाच विचारलं. तो हो म्हणाला. दुसऱ्या एकीने नको म्हटलं, तर तिच्या नोंदी आजही वेगळ्याच आहेत.

मराठी नावं साफ करण्याचं काम

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. निम्म्याहून अधिक तास याला राखून ठेवा.

पहिला अडथळा फाँटचा. २००० च्या आसपास आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी मजकूर श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या फाँटमध्ये टाइप व्हायचा. तो फाँट संगणकावर नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा असतो. आधी २० ओळी बदलून ताईंकडून वाचून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास गडबड होते.

युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आलेला मजकूरही एकसारखा नसतो. कऱ्हाड हा शब्द घ्या. तो "ऱ" या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, "र"खाली नुक्ता देऊन लिहिता येतो, किंवा "र"नंतर हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालूनही. डोळ्यांना तिन्ही सारखेच, संगणकाला तीन गावं. त्यात काहीजण कराड लिहितात, म्हणजे चौथं. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरा होत नाही, तो शोधून बदलावा लागतो. आयात करण्यापूर्वी सगळ्या मजकुरावर हे दोन्ही संस्कार कराच. मराठी आकड्यांत लिहिलेले फोन आणि पिनकोडही इथेच एका पद्धतीत आणा.

मग नावांचा क्रम. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी. मधलं नाव वडिलांचं की पतीचं हे कळत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंच्या दोन नोंदी असतात. "सौ.", "श्री.", "डॉ.", "अॅड." नावालाच चिकटलेले असतात. संबोधनाला वेगळा रकाना द्या आणि तो दात्याच्या पसंतीने भरा. आणि एक गोष्ट मनापासून सांगते. दाता गेल्याचं कळलं की नोंद पुसू नका, त्याच दिवशी "दिवंगत" अशी खूण करा. गेलेल्या माणसाच्या नावाने घरी शुभेच्छापत्र जाणं ही चूक सॉफ्टवेअरची नसते, आपली असते, आणि ती घरच्यांना वर्षानुवर्षं आठवते.

गावांसाठी नुसतं नाव पुरत नाही. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ. बऱ्याच जिल्ह्यांत बुद्रुक आणि खुर्द. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला एक कोड आहे, उपक्रमाच्या गावांना तो लावून टाका. जिल्ह्यांची नावंही बदलली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे जुन्या रजिस्टरात जव्हार ठाणे जिल्ह्यात असतो. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद धाराशिव, अहमदनगर अहिल्यानगर. जुनं नाव आणि नवं नाव यांचा एक छोटा जोडतक्ता केला की दहा वर्षांचा अहवाल तुटत नाही.

साफसफाईसाठी ओपनरिफाइन हे मोफत साधन उत्तम आहे. ते आपल्याच संगणकावर चालतं, त्यामुळे माहिती बाहेर जात नाही. एकसारखी नावं शोधण्याच्या त्याच्या पद्धतींपैकी इंग्रजी उच्चारांवर बेतलेल्या देवनागरीला उपयोगी नाहीत. अक्षरांमधला फरक मोजणारी पद्धत वापरा. पण दोन नोंदी एक करण्याचा निर्णय संगणकाला देऊ नका. "देशपांडे अ. वि., कोथरूड" अशी दोन माणसं खरंच असू शकतात. पॅन जुळला किंवा फोन आणि पत्ता दोन्ही जुळले तरच आपोआप जोडा. बाकीची यादी छापून ताईंसमोर ठेवा. आमच्या ताईंनी ३०० जोड्या दोन दुपारींत निकालात काढल्या, कारण त्या माणसांना ओळखत होत्या.

मूळ फायली कधीही बदलायच्या नाहीत. त्यांची प्रत घ्या, केलेला प्रत्येक बदल एका वहीत लिहा. एक्सेल उघडताच तारखांमधले दिवस-महिने उलटे होतात आणि फोनमधला पहिला शून्य गायब होतो, म्हणून रकाना आधी मजकूर प्रकारचा करून मगच आयात करा.

आता साधन निवडा

एव्हाना काय हवं ते स्पष्ट झालेलं असतं. वर्षाला काही शे पावत्या आणि एकच कार्यालय असेल तर नीट बांधलेली एक स्प्रेडशीट पुरते. त्यात कमीपणा काही नाही. त्यापलीकडे, देणगीदारांसाठी सिव्हीसीआरएम हे मुक्त स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) साधन २००५ पासून खास अशाच संस्थांसाठी विकसित होत आलं आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्टही मुक्त स्रोत आहे आणि हिशेबाशी जोडायला सोयीचं. सेल्सफोर्स ही कंपनी पात्र संस्थांना आपल्या सॉफ्टवेअरचे दहा परवाने विनामूल्य देते, पण ते सांभाळायला जाणकार माणूस सतत लागतो. म्हणून असा माणूस पगारावर नसलेल्या संस्थेला मी ते सुचवत नाही. गावोगावी जाऊन करायच्या नोंदींसाठी कोबोटूलबॉक्स, ओडीके किंवा बंगळुरूच्या समन्वय फाउंडेशनचं अवनी बघा. तिन्ही नेटवर्कशिवाय चालतात आणि मराठीत फॉर्म करता येतात. जव्हारच्या पाड्यांवर यातली पहिली गोष्ट नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

स्वतः नवीन सॉफ्टवेअर लिहायचा मोह टाळा. आम्हा संगणकवाल्यांना तो होतोच. तुम्ही गेल्यावर ते दुरुस्त करणारा कुणी मिळणार नाही.

स्थलांतराच्या तीन तालमी

जुन्या माहितीचं नव्या ठिकाणी जाणं एकदाच घडत नाही, आधी तीनदा तालीम होते. प्रत्येक तालमीनंतर काकांबरोबर बसा आणि वर्षवार बेरीज टॅलीशी पैशासह जुळवा. एक रुपयाचाही फरक राहिला तर पुढे जाऊ नका. मग पावती क्रमांक बघा. १ ते शेवटपर्यंत प्रत्येक क्रमांक हजर हवा. रद्द झालेल्या पावत्यादेखील "रद्द" म्हणून नोंदल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर लेखापरीक्षक विचारणार की मधले क्रमांक कुठे गेले. आमच्या दुसऱ्या तालमीत ४० हजारांचा फरक आला. चेक न वटलेल्या देणग्या एक्सेलमध्ये राहिल्या होत्या आणि टॅलीत उलटवल्या होत्या. या फरकामुळेच "वटला नाही" ही अवस्था नव्या रचनेत आली.

चौथी वेळ खरी. ती महिन्याच्या सुरुवातीला ठेवा, शुक्रवारी संध्याकाळी जुन्या फायली फक्त वाचण्यासाठी खुल्या करा आणि सोमवारी नव्यात पहिली पावती ताईंच्या हातून होऊ द्या. पुढचा एक महिना छापील पावती पुस्तकही चालू ठेवा. दुप्पट काम होतं, कुरकुर होते, पण याच महिन्यात सगळ्या उरलेल्या त्रुटी बाहेर येतात.

शिकवणं आणि निघणं

प्रोजेक्टर लावून दोन तासांचं प्रशिक्षण घेतलं तर सोमवारी काहीच आठवत नाही. शेजारी बसा आणि माउस त्यांच्या हातात राहू द्या. पुस्तिका मराठीत, पडद्याच्या चित्रांसह, दहाएक पानांची. मथळे त्यांच्या प्रश्नांसारखे असावेत: "दात्याचा पत्ता बदलला", "पावती चुकली, रद्द करायची आहे", "एकाच चेकमध्ये दोघांची देणगी आहे". ही पुस्तिका ताईंनी वाचून स्वतःच्या शब्दांत दुरुस्त केली, तेव्हापासून ती खरी वापरात आली.

निरोपाच्या दिवशी पुढच्या गोष्टी समोर बसून तपासा. सगळी खाती संस्थेच्या ईमेलवर आहेत, तुमच्या नाही. व्यवस्थापकाचे अधिकार संस्थेतल्या दोघांकडे आहेत. संकेतस्थळाचं नाव आणि सर्व्हर यांच्या नूतनीकरणाच्या तारखा कार्यालयातल्या कॅलेंडरवर लिहिल्या आहेत. बॅकअप रोज होतो, त्याची एक प्रत इमारतीबाहेर आहे, आणि तो बॅकअप तुमच्यासमोर ताईंनी एकदा परत उघडून दाखवला आहे. तुमच्या लॅपटॉपवरच्या प्रती पुसल्या आहेत आणि तसं पत्रावर लिहून दिलं आहे.

त्यानंतर वर्षभरात तीनच भेटी ठरवा: ऑक्टोबर, जानेवारी आणि मे. मेच्या भेटीत काहीही करायचं नाही. ताईंनी १०बीडीची फाईल काढायची, काकांनी बेरीज जुळवायची, सीएंनी भरायची, आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून राहायचं. आमच्या ठाण्याच्या कार्यालयात त्या दिवशी तारीख होती १२ मे. फाईल अकराच्या सुमाराला निघाली. दुपारी ताई पुण्यतिथीच्या पत्रांना लागल्या.